दुखायची थांबलेली दाढ : अक्कलदाढ काढण्याच्या प्रश्नाचा आढावा

सप्टेंबरचा शेवट. पिंपळगाव बसवंतकडचा एक द्राक्ष बागायतदार गाल धरून नाशिकच्या एका दवाखान्यात बसला आहे. तोंड जेमतेम दीड बोट उघडते. दोन दिवस भाकरी चावलेली नाही, पातळ भातावर भागवले आहे. डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, उजेडापुढे धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवले. खालची उजवी अक्कलदाढ आडवी झोपली आहे, तिचे डोके पुढच्या दाढेच्या कमरेत रुतले आहे.

"आज गोळ्या सुरू करू. सूज उतरली की काढून टाकू."

"काढू की. पण एवढी छाटणी उरकू द्या, डॉक्टर. दिवाळीनंतर येतो."

"दिवाळीनंतर ती दुखत नसेल. मग तुम्ही कशाला येताय?"

दोघेही हसले. त्या तीन वाक्यांत या विषयावरचा निम्मा वाद येऊन गेला होता. अक्कलदाढ ठणकत असेल, किडली असेल, तिच्याभोवती पू झाला असेल, तर ती काढावी याबद्दल जगात कुठेही फारसे दुमत नाही. वाद आहे तो दुखायच्या थांबलेल्या किंवा कधीच न दुखलेल्या, पण एक्स-रेत वाकडी दिसणाऱ्या दाढेचा. तिला हात लावायचा की नाही? प्रस्तुत लेखकाच्या जबड्यात अशीच एक खालची डावी दाढ वीस वर्षे गुपचूप बसून आहे, तेव्हा तटस्थतेचा दावा जरा सांभाळूनच.

ती अडकते कशी

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोवर बाकीच्या २८ दातांनी जबड्यातली जागा व्यापलेली असते. मागे जागा उरली तर दाढ सरळ येते. नाही उरली तर अर्धी वर येऊन थांबते, पुढे कलते, आडवी होते, किंवा हाडातच राहते. सर्वांत त्रासदायक अवस्था अर्धवट आलेल्या दाढेची. हिरडीची टोपी दाढ अर्धी झाकून राहते, तिच्याखाली अन्नाचे कण जातात, ब्रश पोचत नाही, आणि एक दिवस सूज, ताप, दातखीळ आणि कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. दंतवैद्यकात याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, लवंगेचे तेल, आंबेहळदीचा लेप असे घरचे उपाय होतात. चार-सहा दिवसांत ठणका बसतो आणि माणूस विसरून जातो.

हा प्रकार किती जणांना होतो? जगभरच्या अभ्यासांची २०१६ मध्ये एकत्र मोजदाद झाली, तेव्हा सुमारे २४ टक्के लोकांत निदान एक अक्कलदाढ अडकलेली आढळली. त्याच अभ्यासकांनी आदल्या वर्षी केलेल्या मोजदादीत २२ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांत निदान एक अक्कलदाढ मुळात तयारच झालेली नव्हती. जबडे आखूड होण्याचे कारण मऊ, शिजवलेल्या अन्नात शोधले जाते. शिकार करून जगणाऱ्या आणि शेती करणाऱ्या समाजांच्या कवट्यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि खालच्या जबड्याचा आकार आहाराच्या पद्धतीशी जुळतो असे तीत दिसले. पेठ-सुरगाण्याकडे नागलीची भाकरी आणि शेंगा चावून वाढलेल्या माणसांच्या अक्कलदाढा सरळ येतात, असे नाशिकमधले जुने दंतवैद्य सांगतात. सिद्धान्ताशी ते सुसंगत आहे, पण ते निरीक्षण आहे, मोजणी नव्हे.

जुना प्रश्न

वैद्यकाने हा आजार ओळखला तो फार पूर्वी. सुश्रुताच्या निदानस्थानात हिरडीच्या रोगांमध्ये 'अधिमांसक' येतो. जबड्याच्या सर्वांत मागच्या दाताशी मोठी सूज, भयंकर वेदना आणि लाळ गळणे ही त्याची लक्षणे. आज कोणत्याही दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत बसलेला विद्यार्थी हे वर्णन ऐकून क्षणात निदान सांगेल. त्याच यादीत 'वर्धन' नावाचा दुसरा विकार आहे. त्यात जास्तीचा दात तीव्र वेदना देत उगवतो आणि उगवून आल्यावर वेदना शमते. वर्धन म्हणजे अक्कलदाढ की खरोखरच जास्तीचा दात, यावर शालाक्यतंत्राच्या, म्हणजे आयुर्वेदातील कान-नाक-डोळे-मुखरोगांच्या शाखेच्या, अभ्यासकांत एकमत नाही. लक्षात घेण्याजोगी आहे ती चिकित्सा. अधिमांसकात वाढलेले मांस छेदून वेखंड, पाठा, यवक्षार वगैरेंचे चूर्ण मधातून लावायचे. जास्तीचा दात मात्र उपटायचा आणि त्या जागी डाग द्यायचा. म्हणजे एकीकडे नुसती टोपी कापणे, दुसरीकडे दातच काढणे. आजही दवाखान्यात पहिली निवड याच दोहोंतली असते. अर्धवट अडकलेल्या दाढेवरची कापलेली टोपी पुष्कळदा पुन्हा वाढते, म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक तो मार्ग दाढ सरळ येण्याची आशा असेल तेव्हाच घेतात.

अडकलेल्या दाढांचे आधुनिक वर्गीकरण १९२६ मध्ये विंटर यांनी आणि १९३३ मध्ये पेल व ग्रेगरी यांनी केले. पहिले दाढेच्या कलण्यावर, दुसरे तिच्या खोलीवर आणि मागच्या हाडापर्यंतच्या जागेवर. पदव्युत्तर विद्यार्थी तोंडी परीक्षेला आजही हीच नावे घेतात. भूल, एक्स-रे आणि प्रतिजैविके हाताशी आल्यावर दाढ काढणे सुरक्षित झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकेत, न दुखणाऱ्या दाढाही विशीत काढून टाकण्याचा रिवाज पडला. त्याला पहिला औपचारिक प्रश्न १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या परिषदेत विचारला गेला. वारंवार सूज, दुरुस्त न होणारी कीड, गाठ अशा कारणांसाठी काढण्यावर तिथे एकमत झाले. तरुण वयात शस्त्रक्रियेचा त्रास कमी होतो हेही मान्य झाले. पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्यासाठी अक्कलदाढ काढण्याला मात्र तेव्हाच फारसा आधार सापडला नाही.

आधीच काढावी म्हणणारे

या बाजूचा युक्तिवाद वयावर उभा आहे. विशीच्या आत-बाहेर दाढेची मुळे पूर्ण झालेली नसतात, हाड लवचीक असते, जखम लवकर भरते. चाळिशीत तीच दाढ काढायला हाड अधिक कोरावे लागते. शिवाय आडवी दाढ एकटी बिघडत नाही. तिच्या आणि पुढच्या दाढेच्या खाचेत अन्न साठते आणि पुढची, आयुष्यभर चावायला लागणारी दाढ मागच्या बाजूने किडते. ही कीड आरशात दिसत नाही. कळते तेव्हा बहुधा रूट कॅनॉल करावे लागते, कधी दोन्ही दाढा जातात.

तिसरा मुद्दा ठिकाणाचा आहे. दंतवैद्य नसलेल्या जागी जाणाऱ्यांची संशयास्पद दाढ आधीच काढावी, असे लष्करी दंतवैद्यकात जगभर मांडले जाते. देवळाली आणि नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रांमुळे या शहराला तो युक्तिवाद परका नाही. त्याची नागरी आवृत्ती आता घरोघरी ऐकू येते. मुलगा एमएससाठी अमेरिकेला निघाला की तिकिटाआधी ओपीजी निघतो. "तिकडे दाढ दुखली तर डॉलरमध्ये मोजावे लागतील" हे वाक्य दंतवैद्याच्या आधी मामाच बोलतो. लग्न ठरलेल्या मुलींनाही गरोदरपणात सूज आली तर औषधांची पंचाईत होते म्हणून हाच सल्ला मिळतो. या सल्ल्यात हिशेब आहे आणि भीतीही आहे. दोहोंचे प्रमाण मात्र माणसागणिक वेगळे.

राहू द्यावी म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की बिघडेल म्हणून निरोगी अवयव काढणे हे वैद्यकात अपवादाने करायचे काम आहे. शस्त्रक्रियेला किंमत आहे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस जाते, आतल्या बाजूने जिभेची. त्यांना धक्का लागला तर ओठ किंवा जीभ बधिर होते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत वा महिन्यांत जातो. कायमचा राहण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे, पण ज्याच्या वाट्याला येते त्याला दाढी करताना वस्तरा लागल्याचे कळत नाही आणि चहा ओघळलेला समजत नाही. त्याशिवाय ड्राय सॉकेट. रक्ताची गुठळी सुटून हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सूज उतरायला हवी तेव्हाच, ठणका वाढतो. तंबाखू ओढणाऱ्यांत तो अधिक दिसतो.

२००७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात जे फ्रीडमन या दंतवैद्याने लिहिले की त्या देशात दरवर्षी सुमारे ५० लाख लोकांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात, तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो आणि त्यातल्या निदान दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया अनावश्यक असतात. अमेरिकेतल्या मौखिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेला हे मान्य नव्हते. लक्षण नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे, न दुखणाऱ्या दाढेभोवतीही हिरडीचा आजार मुरत असतो, असे तिचे उत्तर होते. हा भेद महत्त्वाचा आहे आणि पुढे दोन्ही बाजूंनी तो बऱ्याच अंशी स्वीकारला.

दातांच्या गर्दीचा मुद्दा मात्र जवळजवळ निकालात निघाला आहे. तारा लावून सरळ केलेले पुढचे दात अक्कलदाढेच्या रेट्याने पुन्हा वाकडे होतात, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ७७ जणांचा पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. दाढा काढलेल्या आणि ठेवलेल्या गटांत गर्दीचा फरक इतका किरकोळ निघाला की त्यासाठी शस्त्रक्रिया समर्थनीय ठरत नाही, असा निष्कर्ष निघाला. वरची दाढ काढली की नजर कमजोर होते, या दुसऱ्या समजुतीला तर शरीररचनेत कसलाच आधार नाही. पण नाशिकच्या ओपीडीत हा प्रश्न रोज विचारला जातो, म्हणून ती इथे नोंदवतो.

ब्रिटनने करून पाहिले

या वादात एका देशाने धोरण बदलून पाहिले. मार्च २००० मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा प्रतिबंध म्हणून काढणे बंद करावे, असा निर्देश दिला. पेरिकोरोनायटिसचा पहिला झटका फार तीव्र नसेल तर तेवढ्यावर काढू नये, दुसऱ्या झटक्यानंतर विचार करावा, असेही त्यात होते. सुरुवातीला शस्त्रक्रिया घटल्या. पुढच्या दशकात त्या पुन्हा वाढत गेल्या आणि रुग्णांचे सरासरी वय विशीच्या मध्यावरून तिशीच्या पुढे सरकले. कारणांमध्ये किडीचा वाटा वाढला. टीकाकार म्हणाले, दाढा वाचल्या नाहीत, फक्त उशिरा निघाल्या. समर्थक म्हणाले, ज्यांच्या कधीच निघाल्या नाहीत त्यांचा हिशेब कोण धरणार? २०२० मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या दंतशल्य विभागाने आपली मार्गदर्शिका नव्याने मांडली. तिचा सूर सरसकट मनाईचा नाही. रुग्णागणिक आजची स्थिती आणि उद्याचा धोका तोलावा, असा आहे.

त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला. लक्षणे नसलेली, रोगमुक्त, अडकलेली अक्कलदाढ काढावी की ठेवावी, याचे उत्तर द्यायला पुरेसा पुरावा नाही, असे त्याने सांगितले. निकषांत बसणारे अभ्यास दोनच सापडले, मिळून ४९३ माणसे. एक वर आलेला ७७ जणांचा, दुसरा ४१६ पुरुषांच्या दीर्घ निरीक्षणाचा. या दुसऱ्यात हाडातच अडकलेली दाढ असेल तर तिच्या पुढच्या दाढेची हिरडी खराब होण्याचा धोका वाढलेला दिसला, पण पुरावा कच्चा होता. जगातल्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एकीमागे एवढीच शिदोरी आहे, हे मला या आढाव्यातले सर्वांत आश्चर्याचे वाटते. माणसे कमी पडत होती असे मुळीच नाही. नवी वेदनाशामके पारखायला जगभर अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांनाच घेतले जाते. त्यांचा ठणका सहा तास, सूज सात दिवस बारकाईने मोजली जाते. न काढलेली दाढ दहा वर्षे पाहत बसणे मात्र प्रबंधाच्या मुदतीत बसत नाही.

नाशिकच्या तोंडात पाहिले तर

थांबून लक्ष ठेवा, हा सल्ला ऐकायला सोपा आहे. पण त्यात दर वर्ष-दोन वर्षांनी तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे गृहीत धरलेला असतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत नाव नोंदलेला दंतवैद्य बोलावण्याची चिठ्ठी तरी पाठवतो. इथे दुखले की जायचे, थांबले की विसरायचे, हीच रीत आहे. आरोग्य विमा दातांचा बाह्यरुग्ण खर्च सहसा देत नाही. सुरगाण्याहून तपासणीला यायचे तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते. तिथल्या माणसाला 'लक्ष ठेवू' म्हणणे आणि 'सोडून देऊ' म्हणणे यांत व्यवहारात फरक उरत नाही. त्याच कारणाने काही दंतवैद्य लांबच्या रुग्णाची संशयास्पद दाढ पहिल्याच फेरीत काढण्याकडे झुकतात, आणि त्याच कारणाने काही जण कचरतात. नंतर ड्राय सॉकेट झाला तर तो माणूस परत कसा येणार? एकाच परिस्थितीतून दोन उलटे निर्णय निघतात, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात.

दुसरी गोष्ट सुपारीची. तोंड उघडते का हे पाहायला डॉक्टर रुग्णाची तीन बोटे उभी करून दातांच्या मध्ये घालायला सांगतात. गुटखा-मावा खाणाऱ्याची दोनच जातात, कधी एकच. गालाचा मऊ पडदा दोरीसारखा कडक झालेला असतो. ओरल सबम्युकस फायब्रोसिस हे नाव १९५३ मध्ये भारतातच, डॉ. जोशी यांनी दिले. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे, तरी असे रुग्ण येतात आणि त्यात विशीतली मुले असतात. अशा तोंडात मागची दाढ काढायला हत्यार पोचत नाही. उलट बाहेर कललेली वरची अक्कलदाढ त्याच कडक गालाला रोज घासते, आणि ज्या गालात तंबाखू धरली जाते तिथे अशी सततची जखम कोणत्याच डॉक्टरला नको असते. गाल मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेत अक्कलदाढा सोबतच काढण्याची पद्धत आहे. पाश्चात्त्य मार्गदर्शिका या प्रश्नाला जेमतेम स्पर्श करतात. इथल्या रुग्णापुरता 'बंद होत चाललेले तोंड' हा लवकर काढण्याच्या बाजूचा वजनदार मुद्दा आहे, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट दुचाकीची, आणि तिचे उत्तर दोन्हीकडे जाते. खालच्या जबड्यात अडकलेली अक्कलदाढ असेल तर अपघातात जबडा त्या कोपऱ्यात मोडण्याची शक्यता वाढते. ती नसेल तर तोच मार वर सरकून कानाजवळचा सांधा मोडतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि सांध्याचा मोड दुरुस्त करणे अवघड. तेव्हा या कारणासाठी दाढ काढावी म्हणणारे आज थोडेच.

कोणी काढायची, कशी

बीडीएस झालेला दंतवैद्य कायद्याने अक्कलदाढ काढू शकतो. सरळ आलेली तो काढतोच. आडवी असेल तर नाशिकमध्ये बहुधा 'व्हिजिटिंग सर्जन' येतो. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत ठरलेल्या वारी फिरणारा एमडीएस, गाडीच्या डिकीत स्वतःच्या हत्यारांचा डबा. पंचवटीतल्या महात्मा गांधी विद्यामंदिराच्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात हेच काम शिकाऊ हातांनी, वरिष्ठांच्या देखरेखीखाली आणि खासगीच्या तुलनेत बऱ्याच कमी खर्चात होते. वेळ जास्त लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना काही दंतक्रिया करण्याची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तिच्या विरोधात आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी डिसेंबरमध्ये देशव्यापी बंद पाळला. दोन्ही शाखांची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली आहेत ते १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकजवळ म्हसरूळलाच आहे. हाडात रुतलेल्या दाढेचा प्रश्न त्या वादात फारसा आलाच नाही. वाद प्राधान्याने हललेल्या आणि किडलेल्या दातांपुरता राहिला.

पद्धतीचे प्रश्नही आहेत. नस मुळांना चिकटली असल्याची शंका असेल तर त्रिमितीय स्कॅन काढतात. तुलनात्मक चाचण्यांत स्कॅनमुळे नस दुखावण्याचे प्रमाण घटल्याचे दिसलेले नाही, पण शल्यचिकित्सकाला हात कुठे आवरायचा ते कळते. अशा वेळी दाढेचे फक्त डोके कापून मुळे आत ठेवण्याची कोरोनेक्टॉमी परदेशात स्वीकारली गेली आहे. आपल्याकडे ती फारशी रुळलेली नाही, कारण "अर्धी दाढ आत ठेवली" हे रुग्णाला समजावणे कठीण आणि मुळे वर सरकली तर पुन्हा यायचे असते. प्रतिजैविकांबाबत कॉक्रेनचा २०२१ चा आढावा सांगतो की निरोगी माणसांत एक संसर्ग टाळायला सुमारे १९ जणांना औषध द्यावे लागते. एवढ्यासाठी सगळ्यांना द्यायचे का? इथल्या चिठ्ठीवर ते जवळपास नेहमीच असते. डॉक्टरांना विचारले की ते रुग्णाच्या घरच्या पाण्याकडे आणि परत न येण्याकडे बोट दाखवतात.

काय उरले

दुखणारी, किडलेली, गाठ झालेली दाढ काढणे आणि गर्दीच्या भीतीने न काढणे, या दोन टोकांवर आता शांतता आहे. मधल्या पट्ट्यात सर्वांत अवघड आहे ती विशीतली, पुढे कललेली, अर्धवट वर आलेली, आज न दुखणारी खालची दाढ. पुढच्या दाढेला खाचेत कीड लागण्याचा धोका तिच्यात सर्वाधिक मानला जातो. हाडात पूर्ण गाडलेल्या दाढेला थांबण्याची मुभा जास्त. पहिली मोठी दाढ कमी वयात किडून गेलेल्यांसाठी अक्कलदाढ तिथे रोवण्याचा पर्यायही काही ठिकाणी वापरला जातो. तो मोजायचा तर काढण्याच्या घाईचा पुन्हा विचार करावा लागेल.

आणि मग नोंदींचा प्रश्न. दाढ काढल्याची नोंद कागदावर असते: तारीख, बाजू, टाके किती, गोळ्या कोणत्या. सातव्या दिवशी टाके काढायला यायचे असते. लांबच्या गावचा रुग्ण पुष्कळदा ते गावातल्याच डॉक्टरकडून काढून घेतो, कारण ओठ बधिर नाही, सूज उतरली आहे, आणि बागेत फवारणीचा दिवस आहे. त्याचा केसपेपर टाक्यांच्या रकान्यावर संपतो. ज्याची दाढ काढलीच नाही, त्याचा 'दिवाळीनंतर' या शब्दावर.